देवीपुढे उघडं डोकं

रत्नागिरी, ता. १९ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप आप्पास,
साष्टांग नमस्कार.

तेलाची बाटली पोचली. बोटीवरच्या माणसाने ती धोतरात गुंडाळून जपून आणली, थेंबही सांडला नाही. सांडली असती तर बरं झालं असतं. मी तुला चार पानांचं पत्र लिहिलं, आईवर काय बालंट आलं आहे ते उलगडून सांगितलं, आणि तू उत्तर म्हणून माक्याचं तेल पाठवतोस. वर चिठ्ठी, की मुळाशी जिरव, दोन महिन्यांत गुण येतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

तेलं मी दोन वर्षं चोळतो आहे, आप्पा. खोबरेलात जास्वंद उकळून लावली. कांद्याचा रस लावला, तेव्हा कोर्टात शेजारचा कारकून खुर्ची सरकवून बसायला लागला. एका वैद्याने कडुनिंबाचा पाला वाटून थापायला सांगितला, तोही थापला. सकाळी उशीवर किती केस पडले ते मोजत असे. मग आकडा कमी कमी व्हायला लागला. तो केस टिकले म्हणून नव्हे, उरलेच थोडे म्हणून. चोविसाव्या वर्षी माझं कपाळ टाळूपर्यंत पोचलं आहे. रोज आरशात बघतो आणि रोज संताप येतो, हे लपवत नाही. पण ते पत्र केसांबद्दल नव्हतं. तू नीट वाचलं नसशील, म्हणून पुन्हा लिहितो.

आपल्या घराला गावात जटाळ्यांचं घर म्हणतात. आजोबा ऐंशीव्या वर्षी गेले, तोवर त्यांचं डोकं धुवायला दोन माणसं लागायची. बाबांची शेंडी मनगटाएवढी होती. भिवाकाकांचं डोकं साठीतही करवंदीच्या जाळीसारखं आहे. या घरात कोणाला टक्कल पडलेलं कोणी पाहिलेलं नाही, आणि तेच आता माझ्या मुळावर आलं आहे.

बाबा तीन वर्षांपूर्वी आषाढात गेले. बोटी बंद होत्या म्हणून तुला येता आलं नाही, तू तिकडे मुंबईतच दहाव्याला डोई केलीस. इथे मी केली. माझे केस परत आले ते कानांच्या बाजूने. मध्ये आले ते विरळ, आणि आले तसे गेले. एरवी मुंडाशाखाली झाकून चाललं असतं. पण बाबांमागे पालखीचा पहिला खांदा तू मला दिलास. "मी मुंबईस, तू गावाजवळ, तेव्हा मान तू घे," असं लिहिलं होतंस. ते पत्र आईला वाचून दाखवताना माझे डोळे भरून आले होते. आता पहिला खांदा देणाऱ्याने देवीपुढे डोकं उघडं करायचं असतं. पहिल्या दोन शिमग्यांना लोकांनी मानलं की डोईचे केस अजून वाढताहेत. गेल्या शिमग्याला कोणी मानलं नाही.

तोंड उघडलं ते भिवाकाकांनी. बाबांच्या पाठचा भाऊ. सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "जटाल्यांच्या घरात टकला कोन झालाय आजपावत? पोटच्या पोरानं डोय केली तर मेलेला बाप ते केस घेतो नि नवे देतो. ह्याचे का नाय दिले? इचारा आमच्या काशीवैनीला."

हा नियम कुठल्या पोथीत आहे ते कोणी विचारलं नाही. आठवड्याभरात तो सगळ्यांना वाडवडलांपासून ठाऊक होता. मी झालो त्या वर्षी बाबा शिमग्याला मुंबईहून आले होते की नव्हते, याची पारावर उजळणी चालते. चोवीस वर्षांनी. ज्यांना काल काय जेवले ते आठवत नाही त्यांना हे आठवतं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी भावकी बसली आणि ठरलं की होळीपौर्णिमेला, पालखी उठण्याआधी, देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवणार. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न असा, की काशीचं धाकटं पोर या घराचं आहे का. आईने ओलेत्याने समोर उभं राहायचं. डावी पडली तर मान गेला, तो काकांकडे, आणि आईने त्याच पावली घराबाहेर व्हायचं. बावन्न वर्षांची बाई. माझ्या आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिने याच देवीपुढे पदर पसरला आणि मी जगलो तेव्हा माझं नाव भिकाजी ठेवलं. जिच्याकडून भीक मागून आणला तिलाच विचारायचं की हा कोणाचा.

तू यायला पाहिजेस. बाबा मुंबईला गेले ते तू तीन वर्षांचा झाल्यावर, त्याआधी ते घरीच नांगर धरत होते. तुझ्याबद्दल ब्र काढायची कोणाची छाती नाही. तू थोरला, मान मुळात तुझा. तू भावकीत उभा राहून म्हणालास, "हा माझा सख्खा भाऊ, आणि माझ्या आईला कौलाला उभी करायची नाही," तर काकांना गप्प बसावं लागेल. एवढंच मागतो आहे. तेल नको.

तुझा
भिकाजी


रत्नागिरी, ता. २४ डिसेंबर १९३३

तीर्थरूप आप्पास,
साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड आलं. पाच ओळी. गोदीत काम फार, मुकादमाला रजा मिळत नाही. काकांशी नमतं घे. देवी खरं तेच सांगेल. वहिनी आणि बाळा खुशाल. तेल लावतोस की नाही.

मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. देवी खरं सांगेल, ठीक. पण कळी चिकटवतो गुरव. कळीला पाणी किती आणि अंगठ्याचा दाब कुठे, हे गुरवाच्या हातात असतं. आणि गुरव दिवाळीपासून काकांच्या ओटीवर पान खायला बसतो.

आईचं ऐक. ती आता विहिरीवर भर दुपारी जाते, बाया नसताना. हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही. ती रडत नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. भावकीपुढे तिने एकदाच तोंड उघडलं होतं. म्हणाली, "माझा बापूस टकला व्हता. पोरगा आजोल्यावर गेलाय." तेवढ्यावर काका म्हणाले, "बाप दाखव नायतर श्राद्ध कर." सगळे हसले. आईचा बाप कुठून दाखवणार? तिचं माहेर इन्फ्लुएंझाच्या साथीत पंधरा दिवसांत धुऊन गेलं. आजोबा गेले, दोन्ही मामा गेले. आणि आजोबा जिवंत होते तेव्हाही त्यांना पागोट्याशिवाय आपल्या गावाने कधी पाहिलं नव्हतं.

मी दादूला विचारलं. दादू म्हणजे इथे बंदराच्या वाटेवर बसणारा न्हावी, माझी हजामत करतो. आधी चेष्टा केलीन. म्हणे, "कारकूनसाहेब, तुमच्याकडं आता अर्ध्या डोक्याचाच धंदा उरलाय." मग माझं तोंड बघून म्हणाला, "चाळीस वर्सं लोकांची डोकी हातात घेतोय. टक्कल घरातून येता तसा आजोलातूनबी येता. सख्ख्या भावांचीबी येगयेगली डोकी पायलीत, नि येकासारखीबी." मी म्हटलं, हे आमच्या भावकीत सांगशील? तर म्हणाला, "न्हाव्याची साक्ष कोन धरतो?"

मी कोर्टात कागदांच्या नकला करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या साक्षी उतरवतो. खोटा माणूस किती सरळ बघून बोलतो आणि खरा किती अडखळतो ते मला पाठ झालं आहे. आणि माझ्या आईच्या खटल्यात मला एक साक्षीदार मिळत नाही. एक आहे, त्याला रजा नाही.

बरं, तुला यायला होत नाही तर मी येतो. कोर्टाच्या सुटीला जोडून चार दिवस काढले आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बोटीने पोचेन. तुझ्या साहेबापुढे मी हात जोडीन.

भिकाजी


रत्नागिरी, ता. १८ जानेवारी १९३४

आप्पा,

नमस्कार लिहीत नाही. का, ते खाली आहे.

तुझ्या खोलीत मी तीन दिवस राहिलो. वहिनीने चांगलंचुंगलं करून घातलं, बाळाने मला त्याची पाटी दाखवली. तू घरात टोपी घालून बसायचास. जेवतानाही टोपी. "वारा लागून डोकं धरतं," म्हणालास, आणि निजताना कानटोपी. मला वाटलं, मुंबईची हवा. दुसऱ्या दिवशी वहिनी भात वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, तुमचंच कसं हो असं झालं? ह्यांचे केस तर आवरता आवरत नाहीत." तू हसलास. मीही हसलो. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी तुझ्या मागोमाग उठलो होतो. तुला ठाऊक नाही. तू खाली नळावर गेलास, मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो. नळावर दुसरं कोणी नव्हतं. म्हणूनच तू एवढ्या पहाटे आंघोळ करतोस. तू कानटोपी काढून कोनाड्यात ठेवलीस आणि डोक्यावर तांब्या ओतलास.

माझ्यापेक्षा वाईट, आप्पा. माझ्या मध्यभागी निदान लव तरी आहे. तुझ्या कानांवर दोन पट्टे, बाकी तुळतुळीत.

मी वर जाऊन पांघरूण ओढून पडलो. तू टोपी घालून वर आलास आणि मला हलवून म्हणालास, "ऊठ रे, चहा घे. रजेचं बघतो मी, पण भरवसा धरू नको." मी चहा घेतला. तुझ्या तोंडावर बोललो नाही, याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. वहिनींना ठाऊक असून त्याही झाकतात की काय, कोण जाणे, पण त्यांच्या आणि पोरासमोर तुझी शोभा नको, एवढंच तेव्हा मनात आलं.

बोटीवर मला झोप आली नाही. एकेक उकलत गेलं. बाबा गेल्यापासून तू एकाही शिमग्याला आला नाहीस. बाकीचे गोदीवाले रजा टाकून, नोकरी सोडून येतात. तू नाहीस. पहिला खांदा मला दिलास. मी आईला वाचून दाखवलं आणि रडलो. तुला मान द्यायचाच नव्हता. तुला देवीपुढे टोपी काढायची नव्हती, म्हणून माझं डोकं पुढे केलंस. तुझ्या डोक्यावरचं माझ्या डोक्यावर आलं, आणि माझ्यावरून आईवर. तुळशीच्या लग्नापासून तुला सगळं कळलेलं आहे आणि तू तेल पाठवतोस.

ते तेल तुझ्या उपयोगी पडलं नाही हे तरी लिहायचं होतंस.

आता सरळ सांगतो. होळीला ये. देवळात ये, उंबऱ्याच्या आत ये आणि टोपी काढ. एक शब्द बोलू नको. तुझं नुसतं डोकं दिसलं की काकांचा नियम मोडतो. तूही डोई केलीस, तुलाही बाबांनी केस दिले नाहीत, आणि तू बाबांचा आहेस हे काकांनाही नाकारता येत नाही. तुझ्या बारशाला तेच जेवले. मग कौल कशाला लावायचा?

अट्ठावीस फेब्रुवारीला सकाळी बोट इथे लागते. मी बंदरावर असेन.

भिकाजी


रत्नागिरी, ता. ७ फेब्रुवारी १९३४

आप्पा,

तुझं पत्र आलं. या खेपेला पानभर आहे. आपल्यावर बेतलं की शाई पुरते.

तू लिहितोस, दोघांनी बुडण्यात काय हशील. आज एकावर आहे, मी टोपी काढली तर दोघांवर येईल, लोक म्हणतील काशीचे दोन्ही तसलेच, आईलाच त्रास जास्त. तुझी काळजी वाचून मला हसू आलं. तुझ्यावर येत नाही, आप्पा, हे तुला माहीत आहे. तू झालास तेव्हा बाबा घरी होते. तुझं डोकं या गावात एकच असं आहे की ज्यावर टक्कल असूनही कोणाला बोट ठेवता येणार नाही. म्हणून तर ते हवं आहे. माझं डोकं हजार वेळा उघडं केलं तरी कवडीचं नाही.

मग खालच्या ओळीत खरं आलं. गोदीत हाताखालची माणसं हसतील. वहिनीच्या माहेरी तू केसांवरून मिरवलास, लग्नाला तुझ्या झुलपांचं कौतुक झालं होतं, आता तोंड कसं दाखवू. गावात मुलं मागे लागतील. आप्पा, माझ्या मागे लागतात. मी वर्षभर त्यातून चालतो आहे. मरत नाही माणूस.

आता दुसरं. मी गेल्या रविवारी गावी गेलो. आई पडवीत कुळीथ पाखडत होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, की आप्पाचंही डोकं माझ्यासारखंच आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. वाटलं होतं, तिच्या हातातलं सूप पडेल. तिने सूप थांबवलंदेखील नाही.

म्हणाली, "मना ठावं हाय."

मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाली, परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून. तू बायकोपोरासह आला होतास. नरकचतुर्दशीला तिने तुला न्हाणीत पाटावर बसवलं आणि तेल लावायला हात घातला. तू तिचा हात धरलास म्हणे. मग सोडलास. तेल लावून घेतलंस आणि बाहेर येण्याआधी तिला बाळाची शपथ घातलीस, की कोणाला सांगायचं नाही. मी त्या दिवशी बाहेर ओट्यावर माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. न्हाणीचं दार लावलेलं होतं ते मला आठवतं. थोरल्याला थंडी वाजते, असं ती म्हणाली होती.

म्हणजे तुळशीच्या लग्नाला भावकीने तिला उभी केली, नको ते विचारलं, तेव्हा तिच्या तोंडात उत्तर होतं. "माझ्या थोरल्याचं डोकं बघा." एवढंच म्हणायचं. तिने मेलेल्या बापाचं नाव सांगितलं, जिवंत मुलाचं सांगितलं नाही. लोक हसले ते ऐकून घेतलं. मी तिला म्हटलं, तुझं डोकं फिरलंय का. ती म्हणाली, "बालाची शपथ हाय. नि तुजा काय, तुजा सगल्यांनी बगलानच हाय. त्याचा तरी झाकलेला ऱ्हांदे."

मी रागाने उठून परसात गेलो. तिथे उभा राहून तुला काय काय शिव्या दिल्या त्या लिहीत नाही, आईची शिकवण आड येते.

तिची शपथ सोडव. तुझ्या हाताने दोन ओळी लिही, की आई, शपथ सुटली, सांग. तुला यायलाही नको. ती दोन ओळींची चिठ्ठी मी भावकीत वाचून दाखवतो. तेवढं तरी कर.

भिकाजी


रत्नागिरी, ता. २२ फेब्रुवारी १९३४

आप्पा,

पंधरा दिवस झाले, चिठ्ठी नाही. आज आलेल्या बोटीवर तुझ्या चाळीतला भागोजी होता. त्याला विचारलं. म्हणाला, तू रजा टाकली आहेस, होळीला येणार म्हणून सांगत होतास.

हे खरं असेल तर आजवर लिहिलं त्यातलं निम्मं मी परत घेतो. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला आशा लावून फसवायचं नाही, ते एकट्या मला पुरे. पण काल मी तुझ्यासाठी खोलीत दुसरी चटई आणून ठेवली. आल्याबरोबर आधी इकडे ये, मग आपण दोघे मिळून गावी जाऊ. दोघांनी एकदम डोकी उघडी केली तर तुला जड जाणार नाही. मी तुझ्या आधी काढीन.

तुझा
भिकाजी


रत्नागिरी, ता. ९ मार्च १९३४

आप्पा,

अट्ठाविसाला सकाळी मी बंदरावर होतो. बोटीवरून धक्क्याला आणणाऱ्या पडावातून माणसं उतरली, ओळखीची पंचवीस डोकी मोजली, त्यात तू नव्हतास. दुपारपर्यंत थांबून मी गावाची वाट धरली. तू त्याच बोटीने आलास आणि माझी पाठ वळेपर्यंत वखारीच्या आडोशाला थांबलास, हे तेव्हा बंदरावर असलेल्या भागोजीकडून मला नंतर कळलं. ठीक.

होळीच्या सकाळी देवळात काय झालं ते तू पाहिलंस. पण तू खांबाआड होतास, उंबऱ्याबाहेर, म्हणून तुला सगळं ऐकू आलं नसेल. आत आलं की डोकं उघडं करावं लागतं. तेवढं बरोबर लक्षात ठेवून उभा राहिलास. तुझी काळी टोपी मला गाभाऱ्यापाशी उभ्या उभ्या दिसत होती.

गुरवाने कळ्या भिजत घातल्या होत्या. आई ओल्या लुगड्याने उभी. गार वाऱ्याने तिचे दात वाजत होते. काकांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बाय माजे देवी, तुज्यापुडं आज खऱ्याखोट्याचा," आणि आईने मागे वळून बघितलं. तिने तुला पाहिलं. तुला ते कळलं का? तुझ्याकडे बघून तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर वर्षभरात पाहिला नव्हता. मला वाटलं, आता. आता हा आत येतो.

तू खाली बघितलंस आणि टोपी दोन्ही हातांनी नीट बसवलीस.

मी निघालो होतो, आप्पा. सात-आठ पावलांचं अंतर. मी येऊन तुझी टोपी उडवणार होतो. सगळ्या भावकीसमोर, ढोलवाल्यांसमोर, बायापोरांसमोर. आईने माझं मनगट धरलं. ओला हात, पण पकड अशी की मला सोडवेना. माझ्या कानाशी ती जे बोलली ते तू ऐकलेलं नाहीस, म्हणून हे पत्र. ती म्हणाली, "त्याला उगडा करू नको. येवड्या लांबून आलाय."

मग तीच पुढे झाली. काकांचं गाऱ्हाणं मध्येच तोडलं. "कौल लावू नका," म्हणाली. "देवीला काय इचारायचा? तिला समदा ठावं हाय. मी घर सोडतंय."

काका म्हणाले, "म्हंजे कबूल?"

ती म्हणाली, "तुमाला काय समजायचा ता समजा."

का, ते तुला कळलं पाहिजे. कौल उजवा पडला असता, तिला भीती नव्हती. ती मला वाटेत म्हणाली, देवीवर तिचा भरवसा होता. पण कौल लागेपर्यंत मी तुला सोडलं नसतं, हेही तिला दिसत होतं. एक मुलगा दुसऱ्याचं डोकं सगळ्या गावासमोर उघडं करणार, ते तिला बघायचं नव्हतं. म्हणून तिने कबुली दिल्यासारखं केलं आणि चाळीस वर्षांच्या घरातून बाहेर पडली. तुझ्या टोपीपायी. गाव आता म्हणतं, बाईने देवीपुढे पाप मान्य केलं. कळी डावी पडली असती तर निदान गुरवावर संशय घेता आला असता. आता तेही नाही.

आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा तू खांबापाशी नव्हतास. पहिला खांदा काकांनी दिला. त्यांचे केस उन्हात चकाकत होते म्हणे. आणि त्या दुपारी तू काकांच्या घरी पुरणपोळी जेवलास. हे मला चौघांनी सांगितलं, म्हणून खरं धरतो. कोणाच्या पंगतीला बसलास, आप्पा? तुझ्या ताटात वाढताना त्यांनी आईचं नाव काढलं असेल. तेव्हाही तू टोपी सावरलीस का?

आई माझ्याकडे आहे. एक लुगडं, एक तांब्या आणि तुळशीची माती एवढंच तिने बरोबर आणलं. खोली लहान आहे, तुझ्यासाठी आणलेली चटई तिला झाली. शेजारणी विचारतात, तेव्हा ती सांगते की धाकट्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून आले. माझ्या डोक्याला ती आता रोज तेल लावते. मी नको म्हणतो, केस येणार नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. ती ऐकत नाही. मला राग आला तरी मी डोकं पुढे करून बसतो.

काल तुझं पाकीट आलं. आत तिच्यासाठी लुगडं घ्यायला म्हणून नोट, आणि चार ओळी, की वैशाखात रजा आहे, आईला भेटायला येऊ का. नोट याच पाकिटातून परत पाठवतो आहे. ओळी मी तिला वाचून दाखवल्या, कारण तुझी पत्रं तिच्यापासून लपवायला मी आप्पा नव्हे.

ये. पण इथे यायचं तर बंदरापासून माझ्या दारापर्यंत उघड्या डोक्याने ये. भर दिवसा, बाजारातून. मग तुला ताट वाढीन, चटईही दुसरी आणीन, आणि झालेल्याचा एक शब्द काढणार नाही. टोपी घालून आलास तर दार उघडणार नाही. खोली माझी आहे.

आई म्हणते, टोपीसकट आला तरी येऊ दे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.

भिकाजी